उद्याच्या वचनाची आजची किंमत

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात १५ जुलै २०२५ रोजी टेस्ला या अमेरिकन मोटार कंपनीने भारतातील आपले पहिले दालन उघडले, तेव्हा वृत्तपत्रांचे लक्ष साहजिकच गाडीच्या किमतीकडे गेले. 'मॉडेल वाय' या गाडीची किंमत ५९ लाख ८९ हजार रुपयांपासून सुरू होत होती. एवढ्या किमतीची मोटार घेणारा माणूस आणि हे पान वाचणारा शिक्षक किंवा कारकून यांची गाठ सहसा पडत नाही. तथापि त्याच दरपत्रकात आणखी एक नोंद होती, आणि ती मात्र आपण सर्वांनी विचार करण्याजोगी आहे. आणखी ६ लाख रुपये भरल्यास ग्राहकाला 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग', म्हणजे गाडीने आपली आपण चालण्याची सोय, मिळावयाची होती. ही सोय त्या दिवशी भारतातील रस्त्यांवर उपलब्ध नव्हती. ती पुढे केव्हातरी, संगणकप्रणाली सुधारेल आणि सरकारची अनुमती मिळेल तेव्हा, यावयाची होती. पैसे मात्र आजच द्यावयाचे होते. एवढ्या पैशांत आपल्याकडे एक छोटी मोटार येते, हे ध्यानात घेतले म्हणजे या नोंदीचे वजन कळते.

प्रश्न असा आहे की, अशी जाहिरात हे वचन मानावयाचे की आशा? वचन असेल तर ते न पाळणाऱ्याला जाब विचारता येतो. आशा असेल तर ग्राहकाने आपले नशीब तपासावे. वरवर पाहता हा श्रीमंतांच्या गाड्यांचा प्रश्न दिसतो. वास्तविक जो जो माणूस आज पैसे मोजून उद्याची वस्तू विकत घेतो, मग ती सदनिका असो, भूखंड असो वा विजेवर चालणारी स्कूटर असो, त्या प्रत्येकाचा हा प्रश्न आहे.

नऊ वर्षांचा इतिहास

ही विक्रीची पद्धत मुंबईत आली तेव्हा तिच्या मागे नऊ वर्षांचा इतिहास उभा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये टेस्लाने जाहीर केले की, यापुढे कारखान्यातून निघणाऱ्या तिच्या प्रत्येक गाडीत पूर्ण स्वयंचालनास लागणारी यंत्रसामग्री असेल. २०१७ सालच्या अखेरीपर्यंत एक गाडी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कपर्यंत, चालकाने हात न लावता, जाऊन दाखवील असे कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी त्या वेळी सांगितले. तो प्रवास त्या मुदतीत झाला नाही. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी, पुढील वर्षी दहा लाखांहून अधिक चालकरहित टॅक्सी रस्त्यावर असतील, असे भाकीत केले. २०२० साल आले आणि गेले. या काळात सोय पूर्ण झाली नाही, पण तिची किंमत मात्र अमेरिकेत वाढत जाऊन सप्टेंबर २०२२ मध्ये १५ हजार डॉलरवर पोहोचली. पुढे ती उतरली. २०२४ मध्ये सोयीच्या नावापुढे 'सुपरवाइज्ड', म्हणजे 'देखरेखीखाली', असा शब्द जोडण्यात आला. जानेवारी २०२५ मध्ये स्वतः मस्क यांनी मान्य केले की, ज्यांनी ही सोय पूर्वीच विकत घेतली आहे त्यांच्या जुन्या गाड्यांतील संगणक बदलून द्यावे लागतील. ज्या गाड्यांत लागणारी सारी यंत्रसामग्री आहे असे सांगून पैसे घेतले, त्यांतलीच यंत्रसामग्री अपुरी पडली, असा याचा अर्थ होतो.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, हे तंत्र थोतांड नाही. जून २०२५ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन शहरात कंपनीने आपल्या थोड्या गाड्यांची टॅक्सी सेवा, देखरेखीला माणूस बसवून का होईना, सुरू केली. मुद्दा तंत्र येईल की नाही हा नसून, ज्याने २०१६ साली पैसे मोजले त्याला काय मिळाले हा आहे. कॅलिफोर्नियातील ग्राहकांनी दावा लावला, तेव्हा कंपनीने न्यायालयात बाजू मांडली की, दूरचे आणि महत्त्वाकांक्षी ध्येय गाठता न येणे म्हणजे काही फसवणूक नव्हे. मे २०२४ मध्ये न्यायालयाने हा दावा सुरुवातीलाच निकालात काढण्यास नकार दिला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील ग्राहकांना एकत्रितपणे दावा चालविण्याची अनुमती दिली. यात कोणास दोषी ठरविलेले नाही. गाऱ्हाणे ऐकण्याजोगे आहे, एवढेच न्यायालयाने म्हटले आहे. परंतु कंपनीचा तो युक्तिवाद मात्र नीट तपासण्याजोगा आहे. कारण तोच युक्तिवाद उद्या आपल्याकडेही ऐकू येणार आहे.

आपला कायदा काय म्हणतो?

वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीचा खटला ठाऊक असतो. १८९१ साली या इंग्रज कंपनीने जाहिरात दिली की, आमचे औषधी साधन सांगितल्याप्रमाणे वापरूनही ज्याला इन्फ्लुएन्झा होईल त्याला १०० पौंड देऊ. कार्लिल नावाच्या बाईंनी ते वापरले, त्यांना इन्फ्लुएन्झा झाला, आणि त्यांनी पैसे मागितले. कंपनी म्हणाली, ती नुसती जाहिरातबाजी होती. १८९२ साली अपील न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. न्यायाधीशांच्या मनावर एका गोष्टीचा विशेष परिणाम झाला होता: आमचा हेतू प्रामाणिक आहे हे दाखविण्यासाठी १००० पौंड बँकेत ठेवले आहेत, असे त्या जाहिरातीतच छापले होते. ज्याने बोलण्यामागे पैसा उभा केला, त्याला 'मी गमतीने बोललो' असे म्हणता येत नाही.

'आमचा साबण जगात उत्तम' ही फुशारकी आहे आणि तिच्यावर कोणी दावा लावीत नाही. पण विशिष्ट वस्तू, विशिष्ट किमतीला, विशिष्ट ग्राहकाला विकली की फुशारकीचा प्रांत संपतो. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात या प्रसंगाला लागू पडणारी कलमे एकाहून अधिक आहेत. कलम १७ फसवणुकीची व्याख्या करताना, पाळण्याचा हेतू नसताना दिलेल्या वचनाचा स्पष्ट उल्लेख करते. हेतू सिद्ध करणे कठीण असते, हे खरे. पण कलम ४६ ला हेतूची गरज नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर वचन वाजवी मुदतीत पुरे केले पाहिजे, असे ते सांगते. ज्या गाडीचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे, तिच्या सोयीसाठी नऊ वर्षे थांबणे वाजवी आहे काय, याचे उत्तर द्यावयास कायदेपंडिताची आवश्यकता नाही.

'सरकारची अनुमती मिळाल्यास' ही अट विक्रेत्याला आपले अभेद्य कवच वाटते. पण अटीवर अवलंबून असलेले करारही कायद्याने वाऱ्यावर सोडलेले नाहीत. अट पुरी होणे अशक्य झाले की करार निरर्थक ठरतो, आणि निरर्थक ठरलेल्या करारात ज्याने लाभ घेतला असेल त्याने तो परत केला पाहिजे, असे कलम ६५ म्हणते. याहून महत्त्वाचे म्हणजे कलम ५६ चा अखेरचा परिच्छेद. एखादी गोष्ट अशक्य किंवा बेकायदा आहे हे वचन देणाऱ्याला ठाऊक होते, अथवा थोड्या चौकशीने कळू शकले असते, आणि घेणाऱ्याला ते ठाऊक नव्हते, तर देणाऱ्याने नुकसानभरपाई केली पाहिजे.

येथे आपल्या नागपूरचा संबंध येतो. नागपूरचे खासदार आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जुलै २०१७ मध्ये, चालकांचे रोजगार हिरावणाऱ्या चालकरहित मोटारींना भारतात परवानगी देणार नाही, असे सांगितले होते. डिसेंबर २०२३ मध्ये येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेतील कार्यक्रमात त्यांनी त्याच भूमिकेचा पुनरुच्चार केला. मंत्र्यांचे भाषण म्हणजे कायदा नव्हे, आणि देखरेखीखाली चालणारी गाडी म्हणजे चालकरहित गाडी नव्हे, हे दोन्ही मान्य केले पाहिजे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात घातलेल्या कलम २ ब नुसार नव्या शोधांसाठी सवलत देण्याची सोयही सरकारकडे आहे. पण ज्या देशाचा संबंधित मंत्री दोन वेळा जाहीरपणे नकार देतो, त्या देशात 'पूर्ण स्वयंचालन' या नावाने पैसे घेणाऱ्याला 'अनुमती मिळणार नाही याची कल्पनाच नव्हती' असे म्हणता येणार नाही.

एकाच पैशाच्या दोन वह्या

आता कायदा बाजूला ठेवून जमाखर्चाकडे पाहू. कारण माझ्या मते या वादाचे सर्वांत सरळ उत्तर तेथे आहे. टेस्लासारखी कंपनी भागधारकांपुढे वार्षिक हिशेब ठेवते, तेव्हा या सोयीपोटी आलेला सर्व पैसा त्या वर्षाचे उत्पन्न म्हणून दाखवीत नाही. जी सोय अजून द्यावयाची राहिली आहे तिच्या वाट्याचा पैसा 'पुढे ढकललेले उत्पन्न' या सदराखाली, देण्याच्या बाजूस, मांडला जातो. हिशेबशास्त्र शिकणाऱ्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही याचा अर्थ कळतो: पैसे आले आहेत, पण वस्तू द्यावयाची बाकी आहे, म्हणून हे आपले देणे आहे.

भागधारकाला दाखवावयाच्या वहीत जे देणे असते, ते ग्राहकाला दाखवावयाच्या जाहिरातीत 'महत्त्वाकांक्षी ध्येय' कसे होते? एकच रक्कम एका वहीत ऋण आणि दुसऱ्या वहीत स्वप्न असू शकत नाही. ज्याची किंमत घेतली नाही, ती आशा. ज्याची किंमत घेतली, ते वचन. ही कसोटी अगदी साधी आहे आणि ती कोणत्याही वस्तूला लावता येते.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर असा ग्राहक हा नुसता ग्राहक राहत नाही, तो सावकार होतो. आणि सावकारही असा की ज्याच्याजवळ ना तारण आहे, ना व्याजाचा दर, ना परतफेडीची तारीख. ६ लाख रुपये सात टक्के चक्रवाढ व्याजाने पाच वर्षे ठेवले तर त्यांचे सुमारे ८ लाख ४१ हजार होतात. म्हणजे पाच वर्षांनी सोय खरोखर आली तरी ग्राहकाने तिच्यासाठी २ लाख ४१ हजार रुपये अधिक मोजलेले असतात, आणि ती न आल्यास ती सारी रक्कम त्याने कंपनीला भेट दिलेली असते. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले होते की, विकणाऱ्याला माहीत असलेली गोष्ट घेणाऱ्याला माहीत नसेल तर बाजारातून चांगला माल हळूहळू नाहीसा होतो. जुन्या मोटारीचा निदान दरवाजा उघडून पाहता येतो. न बनलेल्या सोयीचा दरवाजा कोणी उघडावा?

आपला अनुभव

नागपूरकरांना हे सारे परके वाटू नये. शहराच्या कडेने पसरलेल्या '५७२' आणि '१९००' अशा आकड्यांनीच ओळखल्या जाणाऱ्या लेआउटांची कथा दुसरी काय आहे? भूखंड विकताना नकाशावर रुंद रस्ते होते, बगिच्याची हिरवी जागा होती, शाळेचा चौकोन होता. निवृत्तीचा पैसा घालून लोकांनी भूखंड घेतले तेव्हा त्यांनी त्या रस्त्यांची आणि बगिच्याचीही किंमत दिली होती. पुढे कित्येकांच्या वाट्याला आला तो चिखल आणि नियमितीकरणासाठी सुधार प्रन्यासाचे हेलपाटे. नकाशा हे वचन होते, पण ते वचन म्हणून कोणी लिहून घेतले नव्हते.

अलीकडचे उदाहरण विजेच्या स्कूटरचे आहे. ओला इलेक्ट्रिक कंपनीने जुलै २०२१ मध्ये ४९९ रुपये घेऊन नोंदणी सुरू केली आणि १५ ऑगस्टला स्कूटरचे गुण जाहीर केले. डिसेंबरमध्ये ग्राहकांच्या हाती स्कूटर पडली, तेव्हा त्यांतील काही गुण तिच्यात नव्हते; ते संगणकप्रणालीच्या पुढील आवृत्त्यांतून येतील असे सांगण्यात आले. क्रूझ कंट्रोल जून २०२२ मध्ये आले आणि चढावर गाडी धरून ठेवणारी सोय त्या वर्षाच्या अखेरीस. म्हणजे येथे वचन उशिरा का होईना, पुष्कळसे पाळले गेले. परंतु विक्रीची रीत तीच: आज पैसे, उद्या गुण, आणि 'उद्या'ची तारीख विक्रेत्याच्या सोयीची.

याउलट टाटांच्या नॅनोचे उदाहरण आठवावे. लाख रुपयांच्या गाडीची घोषणा झाल्यानंतर पोलाद महागले, कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला. तरीही मार्च २००९ मध्ये मुंबईत गाडी बाजारात आणताना पहिल्या एक लाख ग्राहकांसाठी कंपनीने मूळ किंमत राखली. त्या घोषणेच्या वेळी तर कोणाकडून पैसाही घेतलेला नव्हता. नॅनोचा धंदा पुढे चालला नाही ही गोष्ट वेगळी; पण दिलेला शब्द आणि वाढलेला खर्च यांत शब्दाला मान देणे उद्योगाला अशक्य नसते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

सदनिकांच्या बाबतीत आपण याहून एक पाऊल पुढे गेलो आहोत. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १२ नुसार, जाहिरातीतील वा माहितीपत्रकातील खोट्या विधानावर विसंबून ज्याने पैसे भरले आणि ज्याचे त्यामुळे नुकसान झाले, त्याला भरपाई मिळते. त्याला बाहेर पडावयाचे असेल तर सर्व रक्कम व्याजासह परत मिळते. त्याच कायद्याप्रमाणे ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम बांधकाम व्यावसायिकाला स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते. कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने १८९१ मध्ये जे आपखुशीने केले, ते आपण येथे सक्तीचे केले. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गृहप्रकल्पाच्या विलंबाच्या खटल्यात, करारपत्रात लिहिलेल्या किरकोळ भरपाईवर न थांबता, भरलेल्या रकमेवर वार्षिक ६ टक्के दराने भरपाई देवविली. विक्रेत्याने स्वतः लिहिलेला करार हा ग्राहकाच्या हक्काचा शेवट नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले.

दोन आक्षेप

या विचारावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, प्रत्येक भाकिताला वचन मानले तर नवे शोध लागणारच नाहीत. उद्योजकाला स्वप्न पाहू द्यावे. हा आक्षेप वजनदार आहे. पण स्वप्न पाहण्यासाठी भांडवल लागते आणि त्यासाठी भागधारक आहेत. ते धोका पत्करतात आणि यश आल्यास नफ्यात वाटा घेतात. ग्राहकाने धोका पत्करावा आणि नफा मात्र दुसऱ्याने घ्यावा, ही वाटणी कोणत्याही अर्थशास्त्राला मान्य होणार नाही.

दुसरा आक्षेप ग्राहकाच्या शहाणपणाचा. साठ लाखांची गाडी घेणाऱ्याला बारीक अक्षरांतील अटी वाचता येत नाहीत काय? येत असतील. पण मोठ्या अक्षरांत 'पूर्ण स्वयंचालन' लिहावे आणि बारीक अक्षरांत 'गाडी स्वतः चालत नाही' असे सांगावे, यात बारीक अक्षरे खरी आणि मोठी खोटी ठरतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत असला पाहिजे आणि त्याने मूळ दाव्याला छेद देता कामा नये. शिवाय अशा नावाने प्राणाशीही गाठ असते. चालकाने नाव खरे मानून स्टीअरिंगवरचा हात काढला तर नुकसान पैशांपुरते राहत नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने चालकाला साहाय्य करणाऱ्या यंत्रणांच्या जाहिरातींत 'स्वयंचालन' असे शब्द वापरण्यास मनाई केली, ती एका भीषण अपघातानंतर. आपल्याच शहरात सप्टेंबर २०२१ पासूनच्या 'आय-रस्ते' प्रकल्पात महापालिकेच्या बसगाड्यांवर टक्करीची पूर्वसूचना देणारी उपकरणे बसविण्यात आली. ती चालकाला सावध करतात आणि तेवढेच करतात, असेच त्यांच्याविषयी सांगितले गेले. तंत्र खरे असेल तर त्याला खोट्या नावाची गरज पडत नाही.

काय करता येईल?

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दुबळा नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल प्राधिकरण १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. ग्राहकाला आपण राहतो त्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करता येते. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर जिल्हा आयोगाकडे. पण तक्रारीची मुदत आहे दोन वर्षांची, कारण घडल्यापासून. ज्या वचनाला तारीखच नाही, ते मोडल्याची तारीख कोणती धरावयाची? विक्रेता पहिली दोन वर्षे म्हणेल 'अजून वेळ आहे', आणि नंतर म्हणेल 'आता वेळ गेली'. कायद्यातील ही फट बुजविली पाहिजे.

त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. पुढे यावयाच्या सोयीसाठी आज पैसे घेणाऱ्याने तिची तारीख लिहून द्यावी. ती तारीख येईपर्यंत त्या रकमेचा मोठा भाग, सदनिकांप्रमाणेच, स्वतंत्र खात्यात ठेवावा. आणि तारीख टळल्यास, कारण तंत्राचे असो वा सरकारच्या अनुमतीचे, रक्कम व्याजासह परत करावी. प्रामाणिक विक्रेत्याला यांतली एकही अट जाचक वाटण्याचे कारण नाही. ज्याला ती जाचक वाटेल, त्याने सोय तयार होईपर्यंत तिचे पैसे घेऊ नयेत, इतके सोपे हे आहे.

कायदा होईपर्यंत आपणही काही करू शकतो. स्कूटर असो, सदनिका असो की मुलाच्या शिकवणीची फी असो, 'पुढे मिळेल' असे शब्द कानावर पडताच 'केव्हा?' आणि 'न मिळाल्यास काय?' हे दोन प्रश्न विचारून उत्तर पावतीवर लिहून घ्यावे आणि जाहिरातीचा कागद जपून ठेवावा. विक्रेता लिहून देण्यास नकार देईल, तर त्या नकारातच त्या वचनाचे खरे मोल कळेल.